हळदीची गाठ

साळेगावच्या ओढ्याला रंग नसण्याचे ते सातवे वर्ष होते. त्याआधी ओढा पाहून वार सांगता येई. सोमवारी साड्यांचे सूत रंगे, म्हणून ओढा जांभळा. गुरुवारी टॉवेलांचा लाल. ओढा ओलांडताना बायका लुगडी वर धरत, तरी काठाला डाग लागायचाच. नरसाक्काला ते सगळे आठवे. चाळीस वर्षे रंगखान्यात काढून आता ती गावच्या प्रशिक्षण संस्थेत मुलांना एकच गोष्ट शिकवायची, रंग ओळखणारी नजर.

बाकीचे डॉ. विश्राम केळुसकर शिकवत. ओढ्याचा रंग घालवला तो त्यांच्याच जिवाणूंनी. कारखान्यातले रंग सहजी नासत नाहीत, कारण त्यांच्या रेणूत एक चिवट बंध असतो. हे जिवाणू तो बंध तोडत आणि त्यावरच जगत. पण कारखाने सारखे नवे रंग आणत. मग सर जिवाणूंना तीन दिवस उपाशी ठेवत आणि नवा रंग थोडा थोडा देत. भुकेपोटी ते तोही तोडायला शिकत, आणि जे शिकले ते पुढच्या पिढीला देत. त्यांची एक पिढी अर्ध्या तासाची. सर याला ‘शिकवणी’ म्हणत. मुले जिवाणूंना ‘उमेदवार’ म्हणत, कारण त्यांच्या स्वतःच्या ओळखपत्रावरही ‘शिकाऊ उमेदवार’ असेच छापलेले होते. त्यांच्यातली स्रवंती येमूल म्हणायची की ते आपल्यापेक्षा नशीबवान, त्यांना उपाशी ठेवले तर निदान शेवटी जेवायला मिळते.

धरण आटल्यापासून जिवाणूंच्या टाकीतले हेच पाणी गाळून गावाच्या नळांना जाई. यंत्रांच्या आकड्यांवर गावाचा विश्वास नव्हता. जुन्या काळी ते आकडे फार खोटे निघाले होते. म्हणून नरसाक्काने साक्षीदोरा सुरू केला. गाळणीच्या पलीकडे, बाहेर पडणाऱ्या पाण्यात पांढरा सुती दोरा दिवसभर टांगायचा. तो पांढराच राहिला तर पाणी स्वच्छ. कोरा दोरा हातातून सोडायचा नाही ही विणकरांची रीत, म्हणून ती त्याच्या टोकाला हळदीची गाठ मारी. ती पिवळी गाठ नियमात कुठेच नव्हती.

त्या वर्षी तीस मुले होती. पाण्याचा हा प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीने लिहून दिले होते की शेवटच्या परीक्षेत पाणी स्वच्छ ठरले तर तिसांनाही कामावर घेऊ, नाहीतर एकालाही नाही. पाणी स्वच्छ असल्याच्या दाखल्यावर सहीचा मान पहिल्या आलेल्या स्रवंतीचा होता. तिच्या वडिलांचा माग दोन वर्षे बंद होता आणि घरात कमावते दुसरे कोणी नव्हते.

दसऱ्याला रंगखाने तीन दिवस बंद राहिले. खंडेनवमीला मुलांनी पाने-पकडी, पंप, मोजपट्ट्या मांडून पूजा केली. कोणीतरी म्हणाले, टाकी हे तर आपले मोठे हत्यार. मग टाकीलाही हळदकुंकू वाहिले, परडीभर झेंडू सोडला आणि सगळ्यांनी मनोभावे हात जोडले.

परीक्षेच्या दिवशी दोरा दुधासारखा पांढरा निघाला. गाठही पांढरी होती.

नरसाक्काने ती दोन बोटांत चोळून पाहिली आणि सरांसमोर धरली. सर म्हणाले, “हळदीत तो बंधच नसतो, अक्का. हळद उन्हाने उडते, हे मी तुम्हाला सांगायचं का?”

“दोरा पत्र्याखाली असतो, सर. ऊन कुठून यायचं?”

स्रवंतीला पूजा आठवली. ती हळूच म्हणाली, “सर, तीन दिवस ते उपाशी होते. आणि आम्ही हळद वाहिली.”

सरांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी समजावले की शिकले असले तरी हळदीपुरते शिकले असतील, आणि गाळणीतून तर ते सुटतच नाहीत.

“दोरा गाळणीच्या पलीकडं टांगतो आपण,” नरसाक्का म्हणाली.

 शेवटी सर म्हणाले की ते उद्यापासून सगळे तपासतील, पण नियमात दोरा पांढरा हवा असे आहे आणि तो पांढरा आहे. स्रवंतीने दाराकडे पाहिले. एकोणतीस जण पायऱ्यांवर बसले होते. कोणीतरी पेढ्यांचा पुडा आधीच आणून ठेवला होता.

तिने सही केली.  दोरा गुंडाळून नरसाक्काने कनवटीला लावला.

तपासणीला तीन आठवडे लागले. तेवढ्यात गावातल्या बायका म्हणू लागल्या की केस फार लवकर पिकायला लागलेत, आणि औंदा बाळं कशी गोरी उपजतायत. बारशाला जाऊन त्या कौतुकही करून आल्या.

कामाच्या पहिल्या दिवशी तिसांची रांग फाटकाशी लागली. हजेरीचे यंत्र बुबुळ पाहून माणूस ओळखी. त्यांची बुबुळे प्रवेशाच्या वेळीच त्यात नोंदवलेली होती. स्रवंती पुढे झाली. यंत्राने लाल दिवा लावला. तिने पापण्या चोळून पुन्हा पाहिले. पुन्हा लाल. मागचा हसून म्हणाला, “अगं, काजळ पुसून ये.” मग तो पुढे आला. त्यालाही लाल. मग तिसऱ्याला. हसणे तिथे थांबले.

नरसाक्का रांगेच्या कडेने आली. स्रवंतीची हनुवटी वर करून तिने तिचा चेहरा उजेडाकडे वळवला, सुताची लडी पाहावी तसा. करवंदासारखे काळे होते ते डोळे. आता त्यांच्यात हळदीचा हात धुतलेल्या पाण्याएवढाच रंग उरला होता.

“काय दिसतंय, अक्का?” स्रवंतीने विचारले.

इतक्यात सर तपासणीचे कागद घेऊन पायऱ्या उतरत आले. जिवंत शरीरातला काळा रंग तोडायला त्यांनी जिवाणूंना कधीच शिकवले नव्हते, एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. नरसाक्काने विचारले की मग शिकलेले विसरायला कसे लावायचे.

“त्याची शिकवणी नसते,” सर म्हणाले.

त्यांच्या पाठीमागे पंप सुरू झाला. गावात नळ सुटायची वेळ झाली होती.