फिल्टरच्या कडेवरची ओळ

दर गुरुवारी चर्चच्या तळघरात बायका पेस्टी – मांस भरलेल्या मोठ्या करंज्या – करायला जमत, आणि फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी इल्मा कांगासला पिठाच्या टेबलावरून हद्दपार करण्यात आलं.

"खोकायचं तर त्या टोकाला, पोरी," हेल्मीआजी लाटणं उगारून म्हणाल्या. "मांसात मीठ मी घातलंय. तुझी भर नको."

इल्मा हसली, आणि हसता हसता पुन्हा खोकली. त्या टोकाला, बॉयलरच्या खोलीच्या दाराशी, सपाट पुठ्ठ्यांची चळत होती. ते दुमडून पेस्ट्यांसाठी डबे करायचे. ती मुकाट्याने तिथे जाऊन बसली. सल्ले मात्र तिच्या मागोमाग आले.

"पित्त असणार. जेवली की लगेच आडवी होत असेल."

"पित्त कसलं? नाकातलं घशात उतरतंय. उशी उंच घे गं!"

"डांग्या खोकला नसेल ना? माझ्या नातवाला..."

"डॉक्टरांनी सगळं तपासलंय," इल्मा म्हणाली. "डांग्या नाही, दमा नाही, फुप्फुसं साफ आहेत. सर्दी गेली तरी श्वासाच्या नळ्या काही आठवडे हळव्या राहतात म्हणे."

"किती झाले आठवडे?"

"चार."

"आणि औषध काय दिलं?"

"मध. आणि धीर धरा म्हणाले."

"धीर आमच्याकडे सुटा मिळत नाही," हेल्मीआजी म्हणाल्या आणि कणकेवर मूठ आपटली.

तेवढ्यात बॉयलरच्या खोलीचं दार उघडलं. हातात पाना, नाकावर काजळीचा पट्टा – असा एक माणूस बाहेर आला.

"कोरडा आहे हा खोकला," तो म्हणाला.

"तुम्ही डॉक्टर?"

"बॉयलरवाला. वॉरेन ट्रेवारो. पण खरखर ऐकून बिघाड सांगायची सवय आहे."

"मग सांगा की."

त्याने मान कलती करून कान दिला. इल्माने वाट पाहिली... खोकला काही आला नाही.

"बघा," वॉरेन म्हणाला, "दुरुस्तीवाला आला की आवाज बंद. सगळी यंत्रं अशीच."

तिला हसू फुटलं, आणि त्यामागून खोकलाही. तो मात्र हसला नाही, लक्ष देऊन ऐकत राहिला. इतकं लक्ष देऊन तिचं काही कोणी ऐकल्याला बरेच दिवस झाले होते.

"घरी गरम हवेची फर्नेस आहे?"

"आहे. बाबांची. घर बाबांचंच आहे."

"तिच्या हवेचा फिल्टर कधी बदलला होता?"

डबा दुमडणारी तिची बोटं थांबली.

"बदललाय," ती म्हणाली – जरा घाईनेच.

डॉक्टरांनीही विचारलं होतं, घरात धूळ, धूर काही? त्यांनाही तिने नाही म्हणूनच सांगितलं होतं.

तिचे बाबा, आर्वो कांगास, नोव्हेंबरात गेले. तोवर जमीन गोठली होती. या गावात थंडीत गेलेल्या माणसाला मे महिन्यापर्यंत दफनभूमीच्या दगडी कोठीत थांबावं लागतं. बर्फ वितळला की मग खड्डा. नोव्हेंबरातल्या प्रार्थनेच्या वेळी इल्मा बोलायला उठलीच नव्हती. कागद हातात घेऊन बसून राहिली होती. शेवटी पाद्रींनी तो वाचला. मेमध्ये मी स्वतः बोलेन, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. त्यानंतर घर विकून शहरात, मिलवॉकीला परत जायचं, नोकरीवर. रोज संध्याकाळी ती स्वयंपाकघरात उभी राहून सुरुवात करायची – "माझे बाबा, आर्वो कांगास..." आणि दुसऱ्या वाक्याला खोकला गळा धरायचा.

पुढच्या गुरुवारी बॉयलर पुन्हा बिघडला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही.

"वीस वर्षांत हूं की चूं केलं नाही त्या बॉयलरने," हेल्मीआजी मोठ्याने म्हणाल्या. "आत्ताच काय झालं त्याला?"

"वय," वॉरेन म्हणाला. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

पाना बाजूला ठेवून तो इल्मासमोर डबे दुमडायला बसायचा. त्याचा एकही डबा चौकोनी होत नसे. ती ते काढून घेऊन पुन्हा नीट दुमडायची, आणि त्याच्याकडे न बघताही तो आपल्या हातांकडे बघतोय हे तिला कळायचं. खोकल्याची उबळ आली की कोमट पाण्याचा पेला आपोआप कोपराशी येई. ती आभार मानायची. तो मानेनेच "असू दे" म्हणायचा.

"एकदा येऊन फर्नेस बघून जाऊ का?" एका गुरुवारी त्याने विचारलं. "पाच मिनिटांचं काम आहे."

"नको."

"तेवढ्याने बरं वाटेल असं नाही म्हणत मी, पण–"

"नको म्हटलं ना!"

आवाज चढला होता. लाटणी थांबली. वॉरेनने हातातला वाकडा डबा हळूच खाली ठेवला. "बरं," तो म्हणाला.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. बॉयलर छान चालला होता. हेल्मीआजी त्यावर एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि ते टोमण्यापेक्षा वाईट होतं.

सोळा मार्चच्या सकाळी इल्मा उठली तेव्हा घर गार पडलं होतं. तळघरात फर्नेस सुरू व्हायची, धापा टाकायची, बंद पडायची. बाहेर बर्फ. गावात फर्नेसवाला एकच. तिने फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

तो वीस मिनिटांत आला. बुटांवरचा बर्फ झटकून सरळ तळघरात उतरला. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहिली.

"इल्मा... फिल्टर बदललेला नाहीये."

"नाही."

त्याने फिल्टर बाहेर ओढला. त्यावर करड्या धुळीचा थर बसला होता, घोंगडीसारखा. फर्नेसच्या श्वासाला हवाच मिळत नव्हती. वॉरेनने फिल्टरच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची कड उजेडात धरली. तिथे काळ्या मार्करने, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिलं होतं – *९ ऑक्टोबर. पहिला बर्फ. इल्मा शुक्रवारी येणार.*

"बाबा प्रत्येक फिल्टरवर लिहायचे," ती म्हणाली. "तारीख, हवा, आणि घरची एखादी बातमी. जुने सगळे कचऱ्यात गेले. हा एकच..." ती थांबली. "त्या शुक्रवारी मी आलेच नाही. काम होतं. पुढच्या शुक्रवारी येते म्हटलं. मग त्याच्या पुढच्या... मग नोव्हेंबर आला."

तुझी काय चूक, असं तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर तिने त्याला तिथूनच परत पाठवलं असतं. त्याने खिशातून चाकू काढला.

"नको!"

"टाकून देत नाहीये."

त्याने कडेची पट्टी हळूहळू कापली, अक्षरांना धक्का न लावता. बाहीने पुसून तिच्या हातात दिली. वीतभर पुठ्ठा, पण तो दोन्ही हातांत धरावासा वाटला.

मग त्याने पिशवीतून नवा कोरा फिल्टर काढला, आणि मार्कर तिच्यापुढे धरला. "तारीख टाकायची असते."

"आणि तारखेपुढे?"

"ते ज्याच्या त्याच्या घरावर आहे."

ती पाठमोरी झाली. बराच वेळ लिहीत राहिली... मग तिने फिल्टर स्वतःच आत सरकवला. फर्नेसने एक लांब श्वास घेतला, आणि घर हळूहळू उबेला लागलं.

"काय लिहिलं?"

"तीन महिन्यांनी कळेल."

"मी आत्ता काढून बघू शकतो."

"वेळेआधी फिल्टर काढतोस तू?"

त्याने पहिल्यांदाच ऐकलेलं ते 'तू' जरा वेळ तसंच हवेत राहू दिलं. "नाही," तो कष्टी होऊन म्हणाला. "तत्त्व आहे."

एप्रिलच्या मध्यावर केव्हातरी खोकला गेला. नेमका कधी, ते तिलाही कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, धूळ असेल, किंवा नळ्या आपल्या आपण शांत झाल्या असतील, एकच कारण असतंच असं नाही. हेल्मीआजींच्या मते उंच उशीचा गुण.

मेमध्ये जमीन मऊ झाली. आर्वोंच्या खड्ड्यापाशी इल्मा उभी राहिली, बोलू लागली. दुसरं वाक्य आलं, तिसरं आलं. शेवटी तिने पर्समधून पुठ्ठ्याची पट्टी काढून वाचली, आणि 'शुक्रवारी' या शब्दाला तिचा आवाज थांबला. तो खोकला नव्हता. कोणी घाई केली नाही. सगळ्यात मागे वॉरेन उभा होता, पहिल्या दिवशीसारखाच, मान कलती करून. तिने श्वास घेतला, आणि ओळ पुरी केली.

"मग आता... कधी निघणार?" परतताना त्याने विचारलं.

"फिल्टर भरला की सांगते."

सोळा जूनला सकाळी आठच्या ठोक्याला तो दारात हजर. बगलेत नवा फिल्टर, दाढी केलेली, हनुवटीवर कापल्याची खूण.

"कॉफी?" तिने विचारलं.

"नंतर."

तळघरात त्याने जुना फिल्टर ओढून काढला. *१६ मार्च. बर्फ थांबत नाही. वॉरेन हे वाचेल तेव्हा मी इथेच असेन.*

त्याने ते दोनदा वाचलं.

"मार्चमध्येच ठरलं होतं?"

"मार्चमध्येच."

"आणि मी तीन महिने तुझ्या अंगणात घरविक्रीची पाटी लागलीय का, ते बघायला गाडी इकडून वळवतोय!"

"माहितेय. खिडकीतून दिसायचास." मग ती गंभीर झाली. "बाबांना नुसतं येते येते म्हणत राहिले, वॉरेन. या वेळी आधी राहून दाखवायचं होतं. सांगायचं नंतर."

जुन्या फिल्टरची कड चाकूने कापून त्याने शर्टाच्या खिशात ठेवली.

"ती माझी आहे," इल्मा म्हणाली.

"माझं नाव आहे तिच्यावर."

"बरं... आणि सप्टेंबरात पुन्हा बदलायला यायला जमेल ना?"

"यायला मी जाणार कुठे आहे?" त्याने मार्कर उघडला. "या वेळी मी लिहितो."

लिहून झाल्यावर त्याने अक्षरांवर पंजा ठेवला. "तीन महिन्यांनी."

"माझं काही तत्त्व नाहीये," असं म्हणत तिने त्याची बोटं एकेक करून बाजूला केली... शेवटचं मात्र तिने सोडलं नाही, धरूनच ठेवलं, आणि वाचलं –

*१६ जून. लिलॅक फुलले. इल्मा आली.*