उलटे फिरलेले रोलर

"हसू नका. माझ्या ओळखीतल्या वाइंडरवर, जळक्या मोटारी दुरुस्त करणाऱ्यावर गुदरलेलं आहे हे," म्हातारे फोरमन म्हणाले आणि शिकाऊ पोरं जवळ सरकली.

त्याला रबराच्या कारखान्यातून बोलावणं आलं ते गुरुवारी, रात्री साडेअकराला. एक मोटार बघायची होती. तो पिशवी घेऊन गेला. शेडमध्ये मालक एकटाच उभा होता, रबर लाटणाऱ्या रोलरच्या मशीनपाशी. गेल्याच आठवड्यात त्या रोलरांत वाइंडरचा मेहुणा सापडला होता. आधी हात गेला, मग जीव.

"मुद्दाम तुलाच बोलावलं," मालक म्हणाला. "घरचा माणूस. सकाळी अपघाताच्या चौकशीला निरीक्षक येतोय. हा कॉन्टॅक्टर बसवून टाक. बोभाटा नको."

वाइंडरने पॅनल उघडलं. मोटार सुलट चालवणारा कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेचा मोठा स्विच, जागेवर होता. शेजारची, उलट फिरवणाऱ्याची जागा रिकामी. त्याच्या डोक्यात तिडीक गेली.

"मोटारीला तीन तारा. त्यातल्या कुठल्याही दोन आपसांत बदलल्या की ती उलटी फिरते. ते काम करणारा हाच ना? तुम्ही काढलात?"

"सारखा बिघडायचा. माल अडायचा."

"आणि माझ्या बहिणीला सांगितलंत, चूक नवऱ्याची. रोलर उलटे फिरले असते तर हात बाहेर आला असता त्याचा."

"झालं ते झालं. बसव तू."

"माझ्याच हातांनी झाकू? दिसू दे निरीक्षकाला, आहे तसं."

मशीन पुन्हा कुणी चालवू नये म्हणून त्याने मेन स्विच पाडला, तिन्ही फ्यूज उपटले. मालकाने त्याचं मनगट धरलं.

मागे घरघर झाली.

रोलर फिरत होते. सावकाश... उलटे.

"बंद कर," मालक कुजबुजला.

"बंदच आहे."

अर्धा फेरा... थांबले. पुन्हा अर्धा... अडकलेलं काही कुणी बेताबेतानं सोडवावं, तसे. मालकाची पकड सुटली. तो भिंतीपर्यंत मागे सरकला.

वाइंडरला भीती वाटायला हवी होती. त्याला संताप आला.

"आत्ता फिरताय होय," तो रोलरांना म्हणाला.

रोलर थांबले.

मग तो पॅनलसमोर ठाण मांडून बसला. उजाडेपर्यंत मालकाला जवळ फिरकू दिलं नाही. निरीक्षक आला. रिकामी जागा बघितली, मालकाकडे बघितलं, मशीनला सील ठोकलं. निघताना त्याने सहज मोटारीवर हात टेकला... आणि झटकन मागे घेतला.

"ही आत्ता कुणी चालवली?"

वाइंडरने उपटलेले तिन्ही फ्यूज त्याच्यापुढे धरले.

मोटार तापलेली होती.