नव्या तंतूंना ताण हवा

तो आला तोच मुळी चुकीच्या खोलीत. रुग्णालयातला मोठ्यांचा व्यायामोपचार विभाग समोर. हा लहान मुलांच्या खोलीत शिरला आणि गुडघाभर उंचीच्या पिवळ्या खुर्चीत बसला. मग उठताच येईना. धावताना मांडीमागचा स्नायू फाटलेला. तिथं मुलांना व्यायाम देणारी फिजिओथेरपिस्ट ती; तिनं हात दिला... आणि तो सोडायला त्यानं जरा उशीरच केला. समोर गर्दी होती, म्हणून तपासलंही तिनंच. मग तो तिचाच पेशंट झाला.

त्या दिवसांत तिला बोलायचं भारी वेड. शेक देता देता ती सांगायची – आधी सफाईच्या पेशी येऊन तुटके तंतू उचलून नेतात, मग कडेला झोपलेल्या पेशी जाग्या होतात, एकमेकींत मिसळून नवे तंतू घडवतात.

"त्यांना जागं कोण करतं?" त्यानं एकदा डोळे मिटूनच विचारलं.

"जखमच," ती म्हणाली, आणि उगाचच लाजली.

दुखणं मात्र हटेना. शर्यतीची निवड तोंडावर आलेली, आणि व्यायामातलं वजन वाढवायचं म्हटलं की तो कळवळायचा. ती घाबरून व्यायाम हलका करायची. खांद्याचं दुखणं घेऊन येणारे काका मिशीत हसायचे, याचं दुखणं काही लवकर जायचं नाही म्हणायचे.

एका संध्याकाळी तिनं खिडकीतून पाहिलं – सुटलेल्या बसमागे तो धावत होता. छत्री काखेत मारून, अगदी मजेत.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कळवळला. तिनं हात काढून घेतला.

"काल बस मिळाली का?"

तो कानापर्यंत लाल झाला. "बरा झालो असं सांगितलं, तर... इथं यायचं कशाला, तेच सुचेना."

"अहो, नव्या तंतूंना ताण मिळाला नाही तर ते वेडेवाकडे वाढतात. मधे नुसता वण भरतो. ऐन शर्यतीत तिथंच फाटेल – आणि तेही माझ्यापायी?"

त्याच दिवशी तिनं त्याला समोरच्या विभागातल्या कडक सरांच्या हवाली केलं. स्वतःकडे ठेवलं असतं, तर ताण देताना तिचा हात पुन्हा आखडला असता. मग दाराआडून त्याचं खरंखुरं कण्हणं ऐकत ती मुलांना चेंडू झेलायला शिकवायची, आणि चेंडू तिच्याच हातून सुटायचे.

शर्यतीसाठी त्याची निवड झाली त्या दुपारी तो घामेजलेला दारात उभा.

"आता मी कुणाचाच पेशंट नाही. म्हणून विचारतो... चहाला याल?"

"उद्या," ती हसू दाबत म्हणाली. "आज पायाला आराम."

तो जिना उतरला तेव्हा तिनं कान देऊन ऐकलं. दोन्ही पावलांचा आवाज सारखा होता. इतकी वर्षं झाली, पण संध्याकाळी तो घराचा जिना चढू लागला, की हातातलं काम थांबवून ती अजूनही तेच ऐकते.