फरासखान्याचा दोर

मध्य प्रदेश राज्याला अजून दोन वर्षंही झाली नव्हती. इंदूरच्या एका शाळेत इतिहास शिकवणाऱ्या लक्ष्मीकांत मास्तरांना चोरलच्या जंगलातल्या एका शिलालेखाचा ठसा हवा होता. तीन वर्षांचा ध्यास! वाट दाखवायला राऊ गावचा उदयसिंह होता आणि सोबतीला बालमित्र तुकोजी. तुकोजीचे आजे-पणजे होळकरांच्या फरासखान्यात तंबू ठोकायचे, हे तो दर तासाला ऐकवायचा.

तिसऱ्या दिवशी ठसा मिळाला. मलमलीवर काजळीने उतरलेल्या अकरा ओळी पाहून मास्तरांचे डोळे भरून आले. उदयसिंह दाणापाणी आणायला खालच्या पाड्यावर गेला आणि तुकोजीने मास्तरांसाठी झुला बांधायला घेतला. दहा पावलांच्या अंतराचे दोन साग निवडून त्याने दोर तंबूसारखा ताणला.

"यार तुकोजी, इतका कशाला खींचतोस?"

"फरासखान्याचा हात आहे, भिया. बसा बिनधास्त!"

मास्तर बसले. दोर तुटला! उतारावरून गडगडत ते थेट करवंदीत घुसले, आणि तिथे अस्वल झोपलं होतं.

अस्वल उठलं ते पंजा मारतच. मास्तरांची मांडी फाटली. तुकोजीने कुऱ्हाडीसकट उडी घेतली. पहिला घाव खांद्यावर! अस्वल वळलं. नखं तुकोजीचा गाल कानापर्यंत चिरत गेली. दुसरा घाव! तिसरा नाकाडावर! हाड फुटलं, आणि रक्त सांडत ते किंचाळत पळालं.

मास्तरांचं रक्त थांबेना. सदरा पुरला नाही. तुकोजीचा हात मलमलीपाशी थबकला.

"फाड," मास्तर दात आवळून म्हणाले.

अकरा ओळींच्या चिंध्या मांडीभोवती आवळल्या गेल्या. तोवर रक्ताच्या वासाने लाल मुंग्या हजारोंनी आल्या आणि जखमेत शिरू लागल्या. मास्तरांना जमिनीवर ठेवायची सोय उरली नाही. तुकोजी दोराला गाठ मारून पुन्हा ताणू लागला.

"खींच मत रे," मास्तर कण्हले. "लेकराची झोळी कुणी ताणून बांधतं का?"

तुकोजीने ताणलेला दोर सोडला. त्याने सहा पावलांच्या अंतराची दोन झाडं धरली, दोर डोक्याच्या उंचीवर बांधला, मधला झोळ मोकळा सोडला आणि आधी स्वतः बसून पाहिलं. झुला टिकला. मग त्याने मास्तरांना उचलून आत निजवलं आणि मुंग्या चढू नयेत म्हणून दोरांना कंदिलाचं रॉकेल चोळलं.

ऊन कलताना उदयसिंह आला. मास्तरांचा श्वास शांत चालला होता.

"और ठसा?"

तुकोजीने मांडीकडे बोट दाखवलं. उदयसिंह तसाच मागे धावला. पाड्यावरची माणसं बोलावून त्याने मास्तरांना खांद्यावरून खाली न्यायला झुला लांब बांबूला लटकवला आणि दोर करकचून ओढला.

"ढीला सोड!" तुकोजी खेकसला. "आत माणूस आहे, तंबू नाही!"