द्रोलाम्बाउवरच्या काठ्या

उकडलेल्या बटाट्यांची आम्ही हिमनदी मांडली होती. ‘ना’ नावाच्या आमच्या गावी, घरात, चुलीपुढच्या पाटावर. मोठे बटाटे म्हणजे बर्फाचे बुरुज, मधल्या फटी म्हणजे भेगा आणि पलीकडचा मिठाचा डबा म्हणजे ताशी लाप्चाची खिंड. मी काडीने वाट दाखवत होते, तेवढ्यात माझा धाकटा भाऊ गेलु एक बुरुज सोलून खाऊन मोकळा झाला.

"अरे, त्यावरून दोर टाकायचाय आपल्याला!"

"वितळला म्हण, दिदी," तो तोंडभर बटाट्यातून म्हणाला.

पाच वर्षांपूर्वी द्रोलाम्बाउ हिमनदीचं तोंड कोसळलं आणि खिंडीची जुनी वाट गेली. तेव्हापासून इकडून कुणी पलीकडे गेलं नव्हतं. गावातल्या निम्म्या घरांना कुलपं लागली. काठमांडूची एक ट्रेकिंग कंपनी म्हणाली, गावच्या माणसांनी आधी एकदा पार करून दाखवा, मग शरदात गिऱ्हाइकं पाठवू. मी विडा उचलला. चौदा वर्षं मी दोर बांधते आहे. माझा विश्वास वहीवर आणि पेन्सिलीवर. देवाधर्माचं सगळं मी काकांवर, आकू उर्केनवर, सोपवलेलं. दोरावर तिघंच जाणार होतो: मी, गेलु आणि आकू.

गेलुच्या बायकोला, यांजीला, सातवा महिना होता. ती रोज येऊन माझ्या वहीत डोकावायची आणि एकच विचारायची, "नेशील तसा आणशील ना याला, दिदी?" मी छाती काढून "आणीन" म्हणायचे. ती गेली की वही पुन्हा पहिल्यापासून तपासायचे.

महिनाभर दर सकाळी मी समोरच्या धारेवर चढले आणि दुर्बिणीने तो बर्फ पाहिला. कुठला बुरुज कलला, कुठली भेग रुंदावली, सगळं टिपलं. बाराव्या दिवशी बर्फात एक बांबूची काठी दिसली, टोकाला लाल फडकं. तेराव्या दिवशी चार होत्या.

"थेंगबोवाले आपल्या आधी घुसले!" मी घरी येऊन आदळआपट केली. थेंगबो खिंडीपलीकडे, उतारावर. आकू माझ्याबरोबर वर आले, बराच वेळ दुर्बीण लावून बसले. आमच्यात काठी रोवताना ती आपल्या गावाकडे झुकवतात, म्हणजे धुक्यात परतीची दिशा चुकत नाही. या काठ्या पलीकडे झुकलेल्या होत्या.

"आलंय खरं कुणीतरी तिकडून," आकू म्हणाले.

त्यांनी थेंगबोखालच्या थामे गावातल्या भाच्याला फोन लावला. तिकडून कुणीच वर गेलं नव्हतं.

काठ्या रोज वाढत होत्या. बर्फ सरकला की दुसऱ्या दिवशी काठ्याही नव्या जागी दिसत. रोवणारा माणूस मला एकदाही दिसला नाही. वाट मात्र अशी होती की मला हेवा वाटावा; वहीतल्या माझ्या रेघेवरूनच चालली होती. एका ठिकाणी तेवढी फारकत. मधल्या मोठ्या भेगेवर बर्फाचा रुंद पूल होता, माझी रेघ त्यावरून सरळ जात होती. काठ्या तिथे डावीकडे वळून लांबचा फेरा घेत होत्या.

मी वही बदलली नाही. कोण कुठला माणूस, त्याच्या काठ्यांवर मी माझा भाऊ बांधणार नव्हते.

वैशाखात निघालो. यांजीने गेलुच्या गळ्यात खाता, निरोपाचा पांढरा रेशमी शेला, घातला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. गावावरचं तळं मागे टाकलं, दगडगोट्यांची हिमनदी तुडवली, कड्याखाली मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी उजाडताच बर्फात शिरलो.

पहिल्या काठीपाशी आकू थांबले. हातमोजा काढून त्यांनी फडक्याची गाठ चाचपली.

"उलटी गाठ आहे. डावखुऱ्याची."

"मग?"

"गावात डावखुरी तू एकटीच. गुपचूप येऊन रोवून गेलीस काय गं?"

थट्टेतच म्हणाले, पण हसले नाहीत. मी गाठ पाहिली. दोन वेढे आणि शेंडी आत खोचलेली. अशी गाठ मी लहानपणापासून मारते. "चला, ऊन चढतंय," म्हटलं आणि पुढे झाले.

भोवतीच्या बर्फावर आमच्याशिवाय कुणाचं पाऊल नव्हतं.

नऊच्या सुमारास पुलाशी पोहोचलो. पुलाच्या तोंडाशी दोन काठ्या, एकमेकींवर आडव्या. म्हणजे इथून जाऊ नका.

माझ्या वहीत हा पूल चाळीस पावलांचा होता. महिनाभर बोटभरही हलला नव्हता. फेरा घ्यायचा तर दोन तास जास्त, आणि वरून ऊन.

"बोल दिदी," गेलु म्हणाला. "वही की काठ्या?"

मला राग आला. महिनाभराची माझी मेहनत, आणि कुणाच्या तरी दोन काटक्या! मी पुलावर पाय ठेवायला निघालेच होते. तेव्हा यांजीचं ते पाहणं आठवलं.

"काठ्या," मी म्हटलं.

आम्ही फेऱ्याच्या अर्ध्यावर होतो.

आवाज आधी आला. मग पूल गेला. अख्खा.

कुणी मागे वळून पाहिलं नाही. दोर हातात घट्ट धरून तिघं चालत राहिलो.

एक वाजता खिंडीवर उभे होतो! दोन्ही बाजूंची शिखरं उन्हात झळकत होती आणि वारा उभं राहू देत नव्हता. आकूंनी पताका बांधल्या. "सो सो सो! ल्हा ग्यालो!" आम्ही घसा फुटेस्तोवर देवांचा जयजयकार केला. गेलु बर्फात गडाबडा लोळला. मी वहीत वाट पुरी केली आणि ढसाढसा रडले. आनंदानेच. पाच वर्षांनी खिंड उघडली होती, माझ्या हातून, आणि माझी माणसं धडधाकट होती.

थेंगबोत पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. पहिलंच घर एका याकवाल्या म्हातारीचं. तिला मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. ती दारातून धावत आली, आधी गेलुचे, मग आकूंचे गाल चाचपले आणि माझ्याकडे वळून भरल्या डोळ्यांनी म्हणाली, "आणलंस गं बाई शेवटी दोघांना!"

"आमा, आपली तर ओळखही नाही."

"आता असं म्हण! महिनाभर एकटी येत होतीस, बर्फाने खाल्लेल्या डाव्या हाताला फडकं गुंडाळून. छपराचे सगळे बांबू उपटून नेलेस माझे. चहा घे म्हटलं की म्हणायचीस, दोघं वर राहिलेत, त्यांना घेऊन आले की घेईन."

गेलु खो खो हसला. आकू हसले नाहीत. म्हातारीने चुलीवरचा लोण्याचा चहा तीन वाट्यांत ओतला, माझी वाटी माझ्यापुढे ठेवली आणि माझा डावा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. हातमोजा उतरवला. एकेक बोट दाबत, शेंड्यापर्यंत जात तिने मोजलं. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"अगो," ती हळूच म्हणाली, "ही तर सगळी आहेत."