व्हर्लिनकाकांकडून घेतलेल्या चाली

"काका, तुम्हाला 'खेचराची शेपटी' आता येत नाही का हो?"

डेलफीने विचारलं आणि शाळेच्या जेवणघरातल्या लांबट टेबलाभोवती सगळ्यांच्या माना वळल्या. आठवड्यातून एकदा व्हर्लिनकाका तिथे मुलांना बँजो शिकवायला यायचे. प्रश्न खरं तर तिचा नव्हताच. तिच्या वर्गातले ब्रेली आणि मेसन आठवडाभर तिच्या मागे लागले होते. दर शनिवारी दुपारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये वाजवणारे जमायचे. तिथे हल्ली कुणी 'खेचराची शेपटी' वाजवू म्हटलं, की व्हर्लिनकाका खोकत खोकत कॉफी आणायला उठायचे आणि चाल संपल्यावरच परत यायचे. ब्रेलीने एका मोठ्या मिल्कशेकची पैज लावली होती. "तू काकांची लाडकी ना? मग विचार. का फाटली?"

गेल्या वर्षीची डेलफी असती तर खरंच फाटली असती. पण यंदा ती अख्ख्या शाळेसमोर बँजो वाजवून आली होती आणि मागच्या रांगेतली मोठी पोरं उठून नाचली होती. आता तिला काहीही विचारता यायचं.

काका हसले. खाटकासारखे रुंद पंजे होते त्यांचे, पण गोल, कातड्याने मढवलेल्या बँजोवर ते पंजे आले की पाच तारांमधून ओढ्याचं पाणी गोट्यांवरून पळावं तसे सूर पळायचे. आसपासच्या सगळ्या खोऱ्यांत असा हात दुसरा नव्हता.

"नाही येत," काका म्हणाले. "ती तुझ्याकडे गेली ना."

सगळे हसले. डेलफीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. एवढं कौतुक तिचं कुणी केलं नव्हतं. मिल्कशेक तिने मलईसकट संपवला.

त्या डोंगरांत बँजो कागदावरून कुणी शिकत नाही. शिकवणारा आणि शिकणारा गुडघ्याला गुडघा लावून बसतात. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने ऐकत राहायचं. कधीतरी नख आपोआप तारेवर पडतं, अंगठा आपोआप वरच्या आखूड तारेवर उतरतो, आणि मग म्हणायचं, चाल घेतली. पुढे कुठेही वाजवताना आधी सांगायचं, कुणाकडून घेतली ते. न सांगता वाजवलीत तर कुणी ओरडत नाही, पण पुढच्या शनिवारी तुमच्यासाठी खुर्ची नसते. आणि आपल्या चाली कुणालाही न देता जो मरतो, त्याच्या दफनाला लोक येतात, जेवतात, पण त्याच्याबद्दल फार बोलत नाहीत.

डेलफी छाती पुढे काढून सांगायची, "व्हर्लिन रॅटलिफ यांच्याकडून घेतली." हे वाक्य म्हणायला मिळावं म्हणून ती दुप्पट चाली शिकली असती.

पुढची चाल होती 'गोठलेला ओढा'. ती काकांच्या ओसरीवर शिकली. मेपलची पानं पेटल्यासारखी लाल झाली होती, आतून लुएलाताईच्या मक्याच्या पावाचा वास येत होता. लुएलाताई म्हणजे काकांची मुलगी. तिला स्वतःला एकही सूर धड लागत नसे. "देवाने मला ओव्हन दिला," ती म्हणायची.

चाल अवघड होती. मध्ये एक जागा अशी, की अंगठा जरा उशिरा पडला पाहिजे, घसरल्यासारखा. डेलफीचा कधी लवकर पडायचा, कधी पडायचाच नाही. काका न कंटाळता वाजवत राहिले. आणि मग तिने बघणं सोडल्यावर अंगठा घसरला. नेमका घसरला. ती हसायला लागली, काकाही हसले.

"वाजवा ना परत, दोघं मिळून," ती म्हणाली.

काकांनी हात तारांवर नेला. तो तिथेच थांबला. एखादी बाई काहीतरी घ्यायला खोलीत जाते आणि मधोमध उभी राहते, तसा तो पंजा थांबला होता.

"तूच वाजव," काका म्हणाले. "मी ऐकतो."

ते ऐकताना त्यांचा चेहरा असा झाला होता, की ही चाल ते पहिल्यांदा ऐकत असावेत. त्यांनी विचारलंसुद्धा, "सुंदर आहे गं. कुणाकडून घेतलीस?"

डेलफीला वाटलं, थट्टा करताहेत.

लुएलाताई त्यांना तालुक्याच्या गावी डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने मुख्य रस्त्यावरची दुकानं उलट्या क्रमाने सांगायला लावली. काकांनी दुकानं सांगितली, मालकांची नावं सांगितली, कुणाचं कुणाशी वाजलं होतं तेही सांगितलं. "यांची आठवण माझ्यापेक्षा बरी आहे," डॉक्टर म्हणाला आणि त्याने मीठ कमी करायला सांगितलं.

मग 'आयव्हाचं अंगण'. आयव्हा म्हणजे काकांची बायको, डेलफीच्या जन्माआधीच वारलेली. लग्नाआधी तिच्या दारावरून जाताना काकांनी ही चाल बांधली होती. दुसऱ्या कुणाला त्यांनी ती दिली नव्हती. डेलफी हरखून गेली. तिच्या मनात शंकेचं काही नव्हतं असं नाही, पण आपल्याला ही चाल मिळतेय या आनंदापुढे शंकेला बसायला जागाच नव्हती. काकांनी संध्याकाळपर्यंत वाजवली आणि तिने घेतली.

ती कोट घालायला आत गेली. खुंटीवर तिच्या कोटाशेजारी एक निळा, जुना कोट होता. तो कायमच तिथे असायचा. काका जाता-येता त्याच्या बाहीवर नुसता हात फिरवून पुढे जायचे.

"लुएला," काका मागून म्हणाले, "हा निळा कोट कुणाचा गं? कुणी पाहुणं आलंय का?"

लुएलाताईच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. "बाबा, आईचा आहे."

"कुणाच्या आईचा?"

डेलफी घरी कशी पोचली ते तिला आठवेना.

तिने ओसरीवर जाणं बंद केलं. ब्रेलीला सांगितलं तर ब्रेली म्हणाली, "म्हातारी माणसं विसरतात, डेलफी. माझी आजी माझ्या भावाला कुत्र्याच्या नावाने हाक मारते." शाळेतल्या बँजोच्या वर्गाला ती पोटदुखीचं कारण सांगून बुट्टी मारायला लागली. घरात बँजो पलंगाखाली ढकलला. 'आयव्हाचं अंगण' विसरायचा तिने मनापासून प्रयत्न केला. पण दात घासतानासुद्धा बोटं ब्रशवर तीच चाल मारायची.

एका शनिवारी लुएलाताईचा ट्रक दारात थांबला.

"चल जरा," ती म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "रोज सकाळी ओसरीवर दोन खुर्च्या मांडतात आणि तुझी वाट बघतात. आणखी कशाचंच त्यांना काही वाटत नाही."

काका खरंच बसले होते. समोरची खुर्ची रिकामी. डेलफीने हात जाकिटाच्या खिशात घातले आणि ते न काढताच बसली.

"एकच राहिलीय," काका म्हणाले. "माझी आई गाय पिळताना गुणगुणायची ती. मला बोलता येण्याआधीपासून येते मला. घे."

"नको काका."

"माझ्याबरोबर मातीत गेली तर मी तिला काय तोंड दाखवू?"

"मला नकोय. दुसऱ्या कुणाला द्या. नंतर द्या."

"तू काही करू नकोस," ते मायेने म्हणाले. "नुसती बस."

त्यांनी खुंट्या पिळल्या. तारा नव्याने लावल्या. आणि वाजवायला लागले.

डेलफीला उठून पळायचं होतं. पण असा हात समोर वाजत असताना उठून जाणं तिला जमलं नाही. तिने डोळे मिटले. बहिरं व्हावं म्हणून मनात पाढे म्हटले. चाल अगदी साधी होती. बादलीत दूध पडावं तशी, वर-खाली, वर-खाली. लहान मुलालाही आली असती.

खिशात तिचा अंगठा हलला.

तिने मूठ आवळली.

मुठीतही हलला.

बँजो मधेच थांबला.

काकांनी मांडीवरच्या वस्तूकडे पाहिलं. दुसऱ्याचं मूल उतरवून ठेवावं तसा तो हलकेच बाजूला ठेवला. मग तिच्याकडे पाहिलं. नजर छान होती, स्वच्छ.

"बाळा, तू कुणाची?" त्यांनी विचारलं. आणि थोड्या वेळाने, त्याच सुरात, "आणि मी?"

त्यानंतर ते जेवत होते, झोपत होते, ऊन आलं की उन्हात बसत होते. लुएलाताई म्हणायची, निदान त्रास तरी नाही त्यांना. ओसरीवर आता एकच खुर्ची होती.

डेलफी रोज तिथे जायची आणि पायरीवर बसायची. काय करायचं ते तिला कळत नव्हतं, आणि न जाणंही जमत नव्हतं. एके दिवशी तिने आतून दुसरी खुर्ची आणली. काकांच्या गुडघ्याला गुडघा लावला, बँजो त्यांच्या मांडीवर दिला आणि आपल्या बँजोवर 'खेचराची शेपटी' वाजवायला घेतली. तिची पहिली चाल. हळू, तुकड्यातुकड्याने, जशी त्यांनी तिला दिली होती तशी.

असा विद्यार्थी कुणाला मिळायचा नाही. ऊन कठड्यावरून खाली उतरायच्या आत त्यांचं नख तारेवर पडायला लागलं. मग अंगठा. मग अख्खी चाल धडाधडा वाजली आणि काका मोठ्याने हसले.

"त्या खेचराने माझ्या भावाला चिखलात पाडलं होतं," ते म्हणाले. "आणि डेलफी, तुझा अंगठा आळशी झालाय गं. महिनाभर काय झोपा काढत होतीस?"

लुएलाताई पीठ लागलेल्या हातांनी धावत बाहेर आली.

डेलफी डोंगर उतरताना नाचतच निघाली होती. वळणावर तिने 'खेचराची शेपटी' गुणगुणायला तोंड उघडलं. काहीच आलं नाही. जिथे चाल होती तिथे चाटून पुसून लख्ख होतं सगळं. घाबरून तिने आठवायचा प्रयत्न केला. घराच्या मागच्या पायरीवर बसून तिने ती घोटली होती, उन्हाळाभर, रोज संध्याकाळी. शेजारी बसून कुणीतरी पालथ्या बादलीवर ठेका धरायचं. बादली आठवत होती. निळी, कडा तुटलेली. ठेका धरणारे हात आठवेनात.

घरी जेवणाची पानं मांडून झाली होती. घेवड्याची आमटी, मक्याचा पाव, कच्चा कांदा. आई वाढत होती, बाबा बूट काढत होते. चौथ्या खुर्चीवर एक लहान मुलगी बसली होती. तिचे पुढचे दात पडलेले होते आणि तिच्या अंगात डेलफीचा जुना स्वेटर होता. आईने नेहमीसारखा तिच्या पानात पाव ठेवला. बाबांनी जाता जाता तिचे केस विस्कटले.

"ताई, लोणी दे ना," टेबलावर बोटांनी ठेका धरत ती मुलगी म्हणाली.

डेलफीने तिला लोणी दिलं.

"एवढी गप्प का आज?" बाबांनी विचारलं. "लुएलाचा फोन आला होता. रडत होती गं, आनंदाने. असं काय केलंस तू?"

डेलफीने चमचा खाली ठेवला. काकांचं हसू अजून तिच्या कानात होतं. त्यांना अजून आयव्हा आठवत नव्हती, आईसुद्धा आठवत नव्हती.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "उद्यापासून रोज शाळा सुटल्यावर काकांकडे जाणार. त्यांच्या सगळ्या चाली त्यांना परत शिकवणार."

"शाब्बास," बाबा म्हणाले. "पुष्कळ असतील ना?"

"पुष्कळ आहेत," डेलफी म्हणाली. आई आमटी वाढायला वाकली होती. डेलफीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश. मग बाबांच्या. "पण एकही ठेवायची नाही."