खाटकाचं चुकलेलं बोट

"हे तुझ्या आजोबांचंच काम," एलीसेओ ओरालियाला म्हणाला. "आणि आजोबा तर जूनमध्येच गेले. म्हणजे भूत. विषय संपला."

"भुताला खळ कोण शिजवून देतं रे?" त्याची धाकटी बहीण मिर्ना म्हणाली. "कागद अजून ओला आहे."

मृतांच्या सणाची सुट्टी लागली होती. तिघं झेंडू आणायला निघाली ती खाटकाच्या भिंतीपाशीच अडकली. गुलाबी कागदावर एक सांगाडा छापला होता. ढेरपोट्या, तराजूवर हळूच अंगठा दाबून मटण तोलणारा. गाउदेन्सिओकाका! खाली नाव लिहायची गरजच नव्हती. सणाला जित्याजागत्या माणसांचे सांगाडे लाकडावर कोरायचे, हातयंत्रावर छापायचे आणि गावभर चिकटवायचे, हा ओरालियाच्या आजोबांचा उद्योग. ज्याचा सांगाडा निघायचा नाही, तो रुसून बसायचा. यंदा मात्र कोणीच वाट बघत नव्हतं.

ओरालियाला आजोबांची फार आठवण आली.

तेवढ्यात गाउदेन्सिओकाका सुरी घेऊनच बाहेर आला. "हे तुझेच धंदे ना, पोरी? तुझा आजोबा एवोदिओ माझी टर उडवायचा तर मी हसायचो. तो माझा दोस्त होता. पण गेलेल्या माणसाच्या मागे असली थेरं? उद्या तुझा बाप ते यंत्र भंगारात घालतोय, तेच बरं!"

उद्या यंत्र जाणार, हे ओरालियाला माहीत होतं. म्हणून तर तिला झोप नव्हती.

"काका, तुमचं कुठलं बोट नाहीये?" तिनं विचारलं.

काकानं डावा हात वर केला. "हे. करवतीनं नेलं."

"चित्रात उजव्या हाताचं गेलंय. लाकडावर उलटं कोरलं तरच कागदावर सुलटं उमटतं. हे आजोबांनी मला पाचव्या वर्षीच शिकवलंय. हा कोणीतरी नवशिका आहे, काका. मी नाही."

"पण आजोबांच्या छापखान्याला कुलूप आहे ना?" मिर्नानं विचारलं.

"मागच्या दाराची कडी ढिली आहे."

एलीसेओनं बेत सांगितला. त्या दारात झेंडूच्या पाकळ्या पसरायच्या. ज्याचे तळवे पिवळे, तो चोर. बेत फक्कड होता. पण दुपारपर्यंत गावातल्या प्रत्येक घरानं मृतांना वाट सापडावी म्हणून पाकळ्यांच्या पायवाटा घातल्या आणि पाद्रीबाबांपासून कुत्र्यांपर्यंत सगळ्यांचेच पाय पिवळे झाले.

"धर आता अख्ख्या गावाला," मिर्ना म्हणाली.

तिघं हिरमुसून पायरीवर बसली आणि सणाचा पाव खाऊ लागली. पावावर कणकेची हाडं असतात. मिर्नानं तिच्या वाट्याचं हाड पुढे केलं. "यावर काळा अंगठा कोणी उठवलाय?"

ओरालियानं वास घेतला. जवसाचं तेल. ती छापायची शाई होती. आणि गावातला सगळा पाव मळत होते तिचे पापा. अंत्ययात्रेत डोळ्यांतून टिपूस न काढणारे, यंत्र भंगारात द्यायला निघालेले पापा!

तिघंही धावत सुटली. कडी काढलेलीच होती. आत पापा लाकडावर वाकले होते. पोरांना बघून त्यांच्या हातातली छिन्नी खाली पडली.

"पापा, तुम्ही?"

पापांनी छिन्नी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तुझे आजोबा दर सणाला म्हणायचे, रुतिलिओ, सगळ्यांचे सांगाडे मी काढले, माझा तू काढ. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. भट्टीवर काम असायचं." त्यांनी नाक पुसलं. "हात बसावा म्हणून आधी गाउदेन्सिओवर सराव केला. वाटलं, त्यांचा एक काढावा आणि मग यंत्र देऊन टाकावं. डोळ्यांसमोर नको. पण आता काढून तरी काय? ते थोडेच बघणार आहेत."

ओरालियानं ठसा उजेडात धरला. यंत्राला टेकून घोरणारा सांगाडा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तिला हसू फुटलं आणि हसता हसता ती हुंदके देऊन रडायला लागली. मग पापाही रडले. एलीसेओ आणि मिर्ना भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

चौघांनी मिळून कागद छापला आणि घरी आजोबांच्या फोटोशेजारी, मृतांसाठी मांडलेल्या पावाजवळ ठेवला. संध्याकाळी गाउदेन्सिओकाका भांडायला म्हणून आला आणि टोपी काढून उभा राहिला.

"अस्साच घोरायचा," तो म्हणाला. "पोरांनो, मी उगाच तुमच्यावर घसरलो. हुशार आहात. रुतिलिओ, त्या भंगारवाल्याला मी परत पाठवतो. तू नको बोलूस, तुला जमणार नाही."

पापांनी मान डोलावली.

काका गेल्यावर ओरालियानं एक कोरी फळी आणि पेन्सिल घेतली. "पापा, तोंड इकडे करा."

"हे काय?"

"तुमचा सांगाडा काढतेय."

"अगं, आज दमलोय. पुढच्या वर्षी काढ की."

"नाही," ओरालिया म्हणाली. "आजच. तुम्हाला बघता यायला हवा."

पापांनी तिच्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून ते तिच्यासमोर बसले.